शत्रू कोण व्हायचं?

मी पाचवीत होतो तेव्हा आमच्या शाळेच्या पटांगणात पडदा लावून सिनेमा दाखवला होता. पडदा म्हणजे दोन बांबूंना ताणून बांधलेली पांढरी चादर. सोलापूरची असून बिननक्षीची, एवढंच तिचं वैशिष्ट्य. प्रोजेक्टर भाड्यानं आणलेला, आवाजाची पेटी फाटक्या घशाची. वारा आला की पडद्यावरच्या माणसांची तोंडं वाकडी व्हायची आणि आम्ही हसायचो. सिनेमा होता 'डॉ. कोटणीस की अमर कहानी'. हेडमास्तरांनी सुरुवातीला सांगितलं होतं की हा डॉक्टर आपल्या गावचा, भैय्या चौकातल्या घरातला. आम्हाला त्याचं फारसं काही वाटलं नाही. भैय्या चौकातून आम्ही रोज जायचो. तिथून कोणी चीनला जाईल असं त्या चौकाकडे बघून वाटायचं नाही.

दुसऱ्या दिवशी गल्लीत खेळ सुरू झाला आणि पहिल्याच मिनिटाला अडला. लढाई म्हटली की दोन बाजू हव्यात. सिनेमात जपानी दुष्ट होते, म्हणून जपानी कोणालाच व्हायचं नव्हतं. "मी न्हाई होणार बे जपानी," असं प्रत्येकानं सांगून टाकलं. मग चिनी कोण? तर तेही कोणी होईना. घरोघरी बासष्टच्या युद्धाच्या गोष्टी अजून ताज्या होत्या. माझ्या मामांनी तर चीनच्या नावानं सोडलेली शिवी मला पाठ होती. चिनी होऊन घरी गेलो तर मार पडेल अशी एकाला खरोखरच भीती वाटली. राहिला डॉक्टर. डॉक्टर सगळ्यांनाच व्हायचं होतं. त्या खेळाचं पुढे काय झालं ते नंतर सांगतो. आधी सिनेमाचं बोलायला हवं, कारण दहा-अकरा वर्षांच्या पोरांना जी अडचण आली तीच त्या सिनेमाची खरी अडचण आहे, असं मला आता वाटतं.

तो सिनेमा पुन्हा सबंध पाहिला तो जून २०२० मध्ये, मोबाइलवर, टाळेबंदीत. सोलापूरच्या पूर्व भागातले यंत्रमाग बंद, विडी कारखाने बंद, रस्त्यावर फक्त ॲम्ब्युलन्सचा आवाज. विषाणू चीनमधून आला म्हणून चीनवर राग होता. त्यात १५ जूनच्या रात्री गलवान खोऱ्यात वीस भारतीय जवान शहीद झाले आणि लोक चिनी बनावटीचे टीव्ही फोडायला लागले. अशा आठवड्यात मी, बहुधा चिनी बनावटीच्याच मोबाइलवर, चीनसाठी प्राण देणाऱ्या सोलापूरकराचा सिनेमा बघत होतो, आणि त्याच्या मध्यावर साथीचा रोग होता. वेळ निवडून पाहिला असता तरी इतकी अचूक निवडता आली नसती.

युद्धकाळातला थरारपट एका गोष्टीवर उभा असतो. शत्रू कोण हे प्रेक्षकाला आधीपासून माहीत असावं लागतं. दारावर थाप पडते तेव्हा आपली छाती धडधडते, कारण बाहेर कोण आहे याची आपल्याला कल्पना असते. 'कॅसाब्लांका' १९४२ चा. युद्ध संपायचं होतं, निकाल कोणाला ठाऊक नव्हता, पण नाझी म्हणजे कोण हा प्रश्न कोणाला पडला नव्हता, आजही पडत नाही. म्हणून तो अजून बघवतो. 'गन्स ऑफ नॅव्हरोन' बघून मोठी झालेली आमची पिढी त्या तोफा उडाल्या की आजही खुर्चीतून पुढे सरकते. शत्रू तिथल्या तिथे आहे, जुना झालेला नाही.

'डॉ. कोटणीस'चा शत्रू मात्र तयार होत असतानाच हलायला लागला होता.

आधी सत्य काय ते बघू. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा, सोलापूरचा. वडील इथल्या गिरणीत नोकरीला. शिक्षण मुंबईत, परळच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात. जपाननं १९३७ मध्ये चीनवर पूर्ण आक्रमण केलं. चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेचे सेनापती चू तेह यांनी नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली. काँग्रेसनं पाच डॉक्टरांचं पथक पाठवायचं ठरवलं: प्रमुख डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी, आणि सगळ्यांत तरुणांपैकी एक, अठ्ठाविशीच्या उंबरठ्यावरचे कोटणीस. १ सप्टेंबर १९३८ रोजी बोट मुंबईहून निघाली. पथकासाठी देशभर निधीचं आवाहन करणारा काँग्रेसचा त्या वर्षीचा अध्यक्ष होता सुभाषचंद्र बोस.

हे नाव वाचून थोडं थांबायला हवं. बोसांनी १९३७ च्या शरदात 'मॉडर्न रिव्ह्यू'मध्ये लेख लिहून जपानच्या साम्राज्यशाहीवर टीका केली होती. पुढच्या वर्षी त्यांनी जपानशी लढणाऱ्यांसाठी डॉक्टर धाडले. आणि १९४३ मध्ये हेच बोस सिंगापुरात जपानच्या मदतीनं आझाद हिंद सेनेचं नेतृत्व करत होते. तोवर कोटणीस जाऊन काही महिने झाले होते. त्यांना हे बघावं लागलं नाही. सिनेमाला मात्र बघावं लागलं. तो १९४६ मध्ये पडद्यावर आला. त्याच्या आधीच्या हिवाळ्यात लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर खटले चालले होते आणि देश त्यांच्या बाजूनं पेटून उठला होता. फेब्रुवारीत मुंबईच्या नाविकांनी बंड केलं आणि त्यांच्या पाठिंब्याला गिरणी कामगार रस्त्यावर उतरला. त्या वर्षीचा प्रेक्षक दिवसा 'जय हिंद'च्या घोषणा देत होता, म्हणजे जपानच्या बाजूनं लढलेल्या सैनिकांसाठी देत होता, आणि संध्याकाळी पाच-आठ आण्यांचं तिकीट काढून जपान्यांच्या तावडीत सापडलेल्या डॉक्टरसाठी जीव मुठीत धरून बसत होता. त्याला यात विसंगती वाटली का? मला वाटतं, नसावी. प्रेक्षक पंडितांपेक्षा शहाणा असतो. त्याला दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या वाटू शकतात.

सोलापूरच्या प्रेक्षकाच्या मनात तर आणखी एक शत्रू होता, आणि तो सिनेमात कुठेच नव्हता. मे १९३० मध्ये या शहरात मार्शल लॉ लागला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. कोटणीस तेव्हा वीस वर्षांचे होते. ज्याच्या गावाला इंग्रजानं असं भाजलेलं आहे, त्याच्या गोष्टीत इंग्रज नसणं कसं शक्य आहे? कारण सरळ आहे. महायुद्धाच्या काळात कच्ची फिल्म सरकारच्या परवान्यानं मिळत होती, चित्रपटाच्या लांबीवरही बंधन होतं आणि युद्धकार्याला पोषक असा विषय असला की वाट सोपी होई. चीन तेव्हा इंग्रजांचा दोस्त आणि जपान वैरी. कोटणीसांच्या गोष्टीत इंग्रजाला आवडणारा शत्रू होता आणि काँग्रेसला आवडणारा नायक. एका दगडात दोन पक्षी मारावेत तर सिनेमाचे दिग्दर्शक शांतारामबापूंनीच. ते स्वतः युद्धाच्या सुरुवातीला सरकारच्या फिल्म ॲडव्हायझरी बोर्डावर काही काळ होते. परवान्याचं काम कसं चालतं हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. हे मी कुचेष्टेनं म्हणत नाही. परवाना ज्याच्या हातात त्याच्या परवानगीनं स्वतःची गोष्ट सांगून घेणं ही गुलाम देशातल्या कलावंताची कला असते, आणि ती सगळ्यांना जमत नाही.

हा सिनेमा ज्यावरून निघाला ते ख्वाजा अहमद अब्बास यांचं पुस्तक १९४४ चं. नाव 'अँड वन डिड नॉट कम बॅक', पाच गेले आणि एक परत आला नाही. पटकथा अब्बास आणि वि. प्र. साठे यांची, संगीत वसंत देसाईंचं, निर्मिती राजकमल कलामंदिरची. दिग्दर्शक व्ही. शांताराम, आणि कोटणीसही तेच. चिनी पत्नी चिंग लानच्या भूमिकेत जयश्री. बाबूराव पेंढारकर जनरल फाँग. म्हणजे अख्खा चीन कोल्हापूर-मुंबईच्या माणसांनी उभा केलेला, डोळ्यांना रंगरंगोटी करून. आज ते बघताना मान खाली जाते, हे लपवण्यात अर्थ नाही. बाबूराव पेंढारकरांचा दरारा मोठा, पण चिनी सेनापती म्हणून ते समोर आले की त्यांनी आता 'काय रे' म्हणून मराठीत हाक मारावी असं वाटत राहतं.

मेकअप मी माफ करतो. मला खटकलं ते भाषेचं. पडद्यावरचा चीन बिनदिक्कत हिंदी बोलतो. धंद्याच्या दृष्टीनं दुसरा इलाज नव्हता, मान्य. पण त्या सोयीत कोटणीसांच्या आयुष्यातलं सगळ्यांत कष्टाचं काम पुसलं गेलं. ते चिनी शिकले, बोलायला शिकले, वाचायला शिकले, आणि शेवटी त्या भाषेत विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया शिकवू लागले. पथकातल्या सगळ्यांनी नावापुढे 'हुआ', म्हणजे चीन, हे अक्षर जोडून घेतलं होतं. कोटणीस झाले 'ख तिहुआ'. मला यात त्यांचं सोलापूर दिसतं. इथे मराठी घराच्या उजव्या हाताला कन्नड घर असतं, डाव्या हाताला तेलुगू, आणि कोपऱ्यावरचा शिवणवाला दखनीत बोलतो. मूल चार भाषा कानावर घेतच चालायला शिकतं. परक्या भाषेचं भय वाटू नये ही या शहराची देणगी आहे आणि ती कोणत्याही पदवीत लिहिलेली नसते. भाषा शिकण्यात थरार नाही म्हणून सिनेमानं ते सोडून दिलं. मी म्हणतो, एका माणसाच्या हाताखाली दुसरा उघडा पडलेला आहे, भूल पुरेशी नाही, आणि 'दुखतं कुठे' हे विचारायला शब्द सापडत नाही, याच्याइतका थरार दुसरा कुठला?

सिनेमानं थरार आणला तो दोन ठिकाणांहून. एक, जपानी तुकडीच्या तावडीत सापडणं. दुसरा, प्लेग. पडद्यावर भयंकर साथ येते आणि डॉक्टर तिच्यावरच्या उपायासाठी स्वतःचा देह पणाला लावतो. खऱ्या कोटणीसांच्या चरित्रात प्लेगवरच्या शोधाचा हा अध्याय नाही. मग तो आला कुठून? पटकथाकारांच्या मनातलं मला कळणार नाही, पण परळचा नकाशा मला माहीत आहे. राजकमलचा स्टुडिओ परळला. कोटणीस शिकले ते जी. एस. आणि के. ई. एम. रुग्णालयही परळलाच. आणि त्यांच्या जवळच जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये हाफकिन इन्स्टिट्यूट. वाल्डेमार हाफकिननं १८९७ च्या १० जानेवारीला, मुंबईत प्लेगनं हाहाकार माजवलेला असताना, आपली लस पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली होती. त्या लाटेची आठवण मुंबई इलाख्यातल्या प्रत्येक घरात होती. गाव सोडून माळावर झोपड्या टाकून राहिल्याच्या गोष्टी माझ्या आजीकडेही होत्या, आणि ती तर प्लेगच्या पहिल्या लाटेनंतर बऱ्याच वर्षांनी जन्मली. माझा अंदाज असा की सिनेमानं चीनला नेऊन ठेवलेली ही साथ मुळात आपली, आणि तिच्यावर उतारा काढणारा वीरही परळचाच. परक्या देशाची गोष्ट सांगताना भय मात्र घरचं वापरायचं. तसं केल्याशिवाय ते लागू पडत नाही.

गंमत म्हणावी की दैवगती, चीनमध्ये तेव्हा प्लेगचा खरा थरार चालूच होता. जपानी सैन्याच्या 'युनिट ७३१' या जंतुयुद्धाच्या तुकडीनं १९४० मध्ये निंगबोवर आणि १९४१ मध्ये चांगदेवर विमानातून प्लेगच्या पिसवा टाकल्या. या तुकडीची पूर्ण हकीकत जगापुढे यायला पुढे कित्येक वर्षं लागली. तिचा प्रमुख इशी शिरो याला अमेरिकेनं खटल्यातून सोडलं, बदल्यात त्याची माहिती घेतली. म्हणजे पटकथाकारांनी कल्पनेनं रचलेल्या साथीपेक्षा प्रत्यक्ष घडलेली गोष्ट अधिक काळी होती, आणि तिच्यात शेवटी कोणी कोणाचा शत्रू राहिला नाही, हे तर कुठल्याच थरारपटात बसलं नसतं.

नाही म्हणायला एका सिनेमात बसलं. 'द थर्ड मॅन', १९४९, कॅरल रीडचा, पटकथा ग्रॅहम ग्रीनची. युद्धानंतरचं व्हिएन्ना, चार दोस्त राष्ट्रांनी वाटून घेतलेलं. तिथे एक माणूस लष्करी दवाखान्यातलं पेनिसिलिन चोरून, त्यात भेसळ करून विकतो, मुलं दगावतात, आणि तो माणूस नायकाचा जिवलग मित्र आहे. औषध आणि युद्ध यांची इतकी विदारक गोष्ट मी दुसरी पाहिलेली नाही. तो सिनेमा जुना होत नाही, कारण त्याचा शत्रू कुठल्या देशाचा नाही. तो ओळखीचा आहे. रेमडेसिव्हिरच्या कुप्या काळ्या बाजारात जात होत्या त्या २०२१ च्या एप्रिलात मला कोटणीसांपेक्षा तोच सिनेमा जास्त आठवला.

पेनिसिलिन कोटणीसांच्या वाट्याला आलंच नाही. त्यांच्या आधी त्याच डोंगराळ सरहद्दी मुलखात काम करणारा कॅनेडियन सर्जन नॉर्मन बेथ्यून शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून रक्तात विष भिनून १२ नोव्हेंबर १९३९ रोजी गेला. एका बोटाची जखम! त्याच्या नावानं जे आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालय उभं राहिलं त्याचे कोटणीस १९४१ च्या सुरुवातीला प्रमुख झाले. त्यांच्याबद्दल नेहमी सांगितलं जातं की एका लढाईत ते सलग बहात्तर तास उभे होते आणि आठशेवर जखमी त्यांच्या हाताखालून गेले. भाषणांत हाच आकडा येतो, शाळेच्या फलकावर हाच. पण आकडाही एक प्रकारचा थरारपटच असतो. त्यानंतर आलेला प्रत्येक साधा दिवस, साधं गळू, साधा अतिसार, विद्यार्थ्यांसाठी शस्त्रक्रियेचं पाठ्यपुस्तक लिहायला बसलेली रात्र, यातलं काही आकड्यात येत नाही. ते पुस्तक लिहायचं चालू असतानाच ते गेले.

आणि ते कसे गेले, इथे माझं सिनेमाशी खरं भांडण आहे. कोटणीसांना अपस्माराचे झटके येत होते. अतिश्रम, अपुरं खाणं, डोंगरातली थंडी, आणि आराम करा म्हटलं तर ऐकायची तयारी नाही. ९ डिसेंबर १९४२ च्या पहाटे, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, झटक्यांनीच त्यांचा अंत झाला. ग्वो छिंगलान या त्यांच्या पत्नी, त्याच भागातल्या वैद्यकीय शाळेतल्या शिक्षिका. लग्न होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. मुलगा साडेतीन महिन्यांचा. त्याचं नाव यिनहुआ, भारत आणि चीन अशी दोन अक्षरं, सेनापती न्ये रुंगचन यांनी ठेवलेलं. पडद्यावरचा डॉक्टर मरतो तो मोठ्या माणसाला शोभेल असा मरतो. त्याला बोलायला वेळ मिळतो. तो पत्नीला सांगतो, तू माझ्या घरी जाशील तेव्हा काय काय दिसेल, आणि तो सांगत असतानाच पडद्यावर ते घर उमलत जातं. दृश्य म्हणून ते अप्रतिम आहे. शांतारामांच्या हाताची ताकद त्या पाच-सात मिनिटांत कळते. पण अपस्माराच्या झटक्यात माणसाला निरोपाचं भाषण करता येत नाही. त्याची शुद्ध जाते, दातखीळ बसते, आणि बघणाऱ्याला हात धरण्यापलीकडे काही करता येत नाही.

आपल्याकडे फिट येणाऱ्या पोराला अजून कांदा हुंगवतात, चप्पल लावतात. मुलीला फिट येत असेल तर ते लग्न जमेपर्यंत दडवतात. ज्या माणसाला झटके येत होते आणि तरीही जो रोज शस्त्रक्रियेच्या टेबलाशी उभा राहिला, त्याचं ते दुखणं १९४६ मध्ये घरोघर नावानिशी पोहोचलं असतं तर किती घरांत उपयोगी पडलं असतं! आमच्या शाळेत कोटणीसांवर निबंध लिहिला त्या सगळ्यांनी 'चीनमध्ये देह ठेवला' असं लिहिलं. कशानं, हे कोणी लिहिलं नाही. शिकवणाऱ्यांनाही ते सांगण्यासारखं वाटलं नसावं. हुतात्म्याला आजार शोभत नाही असं आपल्याला वाटतं. बेथ्यूनचं कापलेलं बोट माओनं लिहिलेल्या लेखामुळे चीनमधल्या कोट्यवधी मुलांनी पाठ केलं. कोटणीसांचे झटके मात्र त्यांच्या गावातही पाठ झाले नाहीत.

तरी त्या शेवटच्या दृश्यावर मला पूर्ण रागावता येत नाही. पुस्तकाचं नाव सांगतं की एक परत आला नाही. सिनेमा ते मानायला तयार नाही. तो त्याला परत आणतोच, बायकोच्या आणि तान्ह्या मुलाच्या रूपानं, सोलापूरच्या घरी. इतिहास म्हणून हे खोटं. ग्वो छिंगलान तेव्हा चीनमध्येच होत्या. त्या भारतात आल्या त्या पुढे कित्येक वर्षांनी, कोटणीस कुटुंबाला भेटल्या, पुन्हा आल्या. दीर्घायुषी झाल्या, २०१२ मध्ये दालियन शहरात गेल्या. यिनहुआ मात्र वैद्यकीय शिक्षण घेत असताना १९६७ मध्ये, पंचविशी गाठता गाठता गेला. 'अमर कहानी'तलं ते तान्हं मूल पडद्यावर बघताना आता मला तारीख आठवते आणि सिनेमाच्या गोड शेवटाला आतून तडा जातो. थरारपट जुना झाला की असंच होतं. कैद, पाठलाग, जनरल यांचं वजन उतरत जातं आणि दिग्दर्शकानं सहज म्हणून घेतलेलं एखादं बाळ जड होऊन बसतं.

या सिनेमाला पुढे दिवस कठीणच आले. इंग्रजी आवृत्ती 'द जर्नी ऑफ डॉ. कोटणीस' या नावानं अमेरिकेत गेली खरी, पण १९४९ मध्ये चीन लाल झाला. १९६२ चं युद्ध झालं, १९६४ मध्ये चेतन आनंदचा 'हकीकत' आला आणि हिंदी पडद्यावरचा चिनी माणूस बंदूक घेऊन बर्फातून आपल्यावर चालून यायला लागला. तोच चेतन आनंद, ज्यानं १९४६ मध्ये, 'कोटणीस'च्याच वर्षी, अब्बास यांचाच हात असलेल्या पटकथेवर 'नीचा नगर' केला होता. माणसं तीच, सद्भाव तोच, शत्रूनं कपडे बदललेले. मग पुन्हा वारं फिरलं. चीननं १९८२ मध्ये कोटणीसांवर टपाल तिकिटं आणि चित्रपट काढला, आपण १९९३ मध्ये तिकीट काढलं. चिनी पाहुणे दिल्ली-मुंबईला आले की कोटणीसांच्या नातेवाइकांना भेटू लागले. भैय्या चौकातल्या घराचं महापालिकेनं स्मारक केलं, ते २०१२ मध्ये खुलं झालं. आणि आठच वर्षांनी गलवान. संबंध चांगले असले की कोटणीसांना हार, बिघडले की स्मारकाला धूळ. दोन्ही देशांच्या परराष्ट्र खात्यांनी त्यांना हवामानाच्या कोंबड्यासारखं छपरावर बसवलं आहे.

कोटणीसांनी स्वतः शत्रूबद्दल घोळ ठेवला नव्हता, हेही म्हणायला हवं. ते तटस्थ वैद्य नव्हते. जपानी आक्रमण अन्यायाचं आहे असं ठरवून ते गेले, त्या बाजूच्या सैन्यात राहिले, १९४२ च्या उन्हाळ्यात चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले. वडील वारल्याची बातमी तिकडे पोहोचली तेव्हाही परतले नाहीत. त्यांना 'मानवतेचे पुजारी' म्हणून सगळ्यांना चालेल असं मऊ करून टाकणं हा सिनेमाच्या थरारापेक्षा मोठा खोटेपणा होईल, आणि आपल्या सभा-समारंभांत तो नियमानं होतो. त्यांनी बाजू घेतली होती. एवढंच की त्यांनी बाजू घेतली तो देश, त्याला मदत धाडणारा नेता, त्यावर सिनेमा काढू देणारं सरकार, सगळ्यांनी दहा वर्षांच्या आत आपापल्या जागा बदलल्या. जागेवर राहिला तो टेबलावरचा माणूस, ज्याच्या पायात गोळी आहे.

माझा नातू परवा विचारत होता, आजोबा, तुम्ही व्हिडिओ गेम नव्हता तेव्हा काय खेळायचात. त्याला मी कोटणीसांचा खेळ सांगितला. शत्रू व्हायला कोणी तयार नाही म्हणून आम्ही अर्धा तास भांडलो होतो. शेवटी आमच्यातल्या सगळ्यांत लहान पोरानं, विडी कामगाराचा मुलगा तो, कंटाळून रस्त्यात अंग टाकलं आणि म्हणाला, मी जखमी. झालं, सगळे डॉक्टर त्याच्याभोवती गोळा. कोणाच्या आईची जुनी साडी फाडून पट्ट्या झाल्या, कोणी खडूचं पाणी औषध म्हणून आणलं. मी पुढारी, म्हणून मी कमरेवर हात ठेवून विचारलं,

"तुला गोळी मारली कोनी पन?"

"मला काय म्हाईत बे," तो डोळे मिटूनच म्हणाला, "तू बांध की गप."